उन्हात बसल्याने दिवस राहतात का?

अंड्यांच्या कोंबड्यांच्या शेडवर पहाटे चार-पाचला गेलात तर आत दिवे लागलेले दिसतील. सूर्य उगवायला अजून वेळ असतो, पण टायमरवर बल्ब लागतात, कोंबड्या उठतात आणि खाद्यावर येतात. संध्याकाळी अंधार पडल्यावरही थोडा वेळ दिवे चालू ठेवतात. नैसर्गिक उजेड आणि बल्बचा उजेड मिळून दिवस सोळा तासांचा भरला पाहिजे, हा लेअर पोल्ट्रीतला रोजचा हिशोब आहे. हिवाळ्यात दिवस लहान झाला आणि दिव्यांकडे दुर्लक्ष झालं की खाद्य-पाणी तेच असूनही अंडी घटतात.

उजेडाचा आणि प्रजननाचा संबंध आहे का, या प्रश्नाचं उत्तर कोंबडीच्या बाबतीत तरी वादातीत आहे. १९३०च्या दशकात जाक बेन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने बदकांवर प्रयोग केले. दिवस कृत्रिमरीत्या लांबवला की नर बदकांचे वृषण वाढायचे, आणि डोळे निकामी केलेल्या बदकांमध्येही ते वाढायचे. पक्ष्यांच्या मेंदूत खोलवर उजेड टिपणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेड त्यांना पुरतो, हे त्यातून उलगडत गेलं.

म्हशीचं गणित याच्या उलट आहे. दिवस लहान व्हायला लागले की, म्हणजे साधारण भाद्रपद-आश्विनापासून थंडी संपेपर्यंत, म्हशी नीट माजावर येतात. उन्हाळ्यात माजाची लक्षणंच दिसत नाहीत. गोठ्यातली माणसं त्याला मुका माज म्हणतात, आणि त्यात रेतनाची वेळ हुकते ती हुकतेच. उन्हाळ्यात लांब दिवसाबरोबर उष्णता आणि हिरव्या चाऱ्याची टंचाईही येते, त्यामुळे सगळा दोष उजेडावर टाकता येत नाही. मेंढीच्या बाबतीत मात्र पुरावा अगदी स्वच्छ आहे. थंड देशांतल्या मेंढ्या दिवस आखूड होताना माजावर येतात, म्हणजे पाच महिन्यांनी कोकरं वसंतात जन्मतात. तिथले मेंढपाळ हंगाम लवकर आणायचा असेल तर मेंढीच्या कानाच्या कातडीखाली मेलाटोनिनची बारीक कांडी बसवतात. शरीराला वाटतं रात्री लांबल्या, आणि माज लवकर येतो.

मेलाटोनिन हे रात्रीचं हार्मोन. मेंदूच्या मधोमध असलेली शीर्षस्थ ग्रंथी ते अंधार पडल्यावर सोडते आणि उजाडलं की थांबवते. ते किती तास वाहिलं यावरून शरीराला रात्रीची लांबी कळते, आणि रात्रीच्या लांबीवरून ऋतू. येल विद्यापीठातल्या एरन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञाने १९५८ मध्ये गुरांच्या हजारो शीर्षस्थ ग्रंथी गोळा करून ते वेगळं काढलं. तो शोधत होता त्वचेच्या रंगावर काम करणारं द्रव्य. हाती लागलं ते झोपेचं आणि ऋतूंचं हार्मोन.

आता माणसाकडे येऊ. मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या जोडप्यांना हल्ली सल्ल्यांचा मारा सहन करावा लागतो, आणि त्यात ऊन हमखास असतं. सकाळच्या उन्हात बसा, हार्मोन बॅलन्स होतील. डी जीवनसत्त्व कमी आहे म्हणून दिवस राहत नाहीत. पुरुषांनी उन्हात पडलं की टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, वाढतं. यातल्या प्रत्येक वाक्यामागे थोडं खरं आहे, आणि त्या थोड्यावर भलताच मोठा इमला चढवलेला आहे. या जोडप्यांच्या हातात महिने मोजकेच असतात, म्हणून खरं किती ते नीट पाहायला हवं.

सगळ्यात आधी यंत्रणा. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथून जीएनआरएच नावाचं हार्मोन साधारण तास-दोन तासांनी ठोक्यासारखं सुटतं. प्रत्येक ठोक्याला खालची पियुषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन रक्तात सोडते आणि ती अंडाशयापर्यंत किंवा वृषणापर्यंत पोचतात. या ठोक्यांमधलं अंतर फार महत्त्वाचं. जीएनआरएच न थांबता सतत मिळत राहिलं तर पियुषिका थोड्या दिवसांत त्याला दादच देईनाशी होते, न थांबता वाजणाऱ्या घंटेकडे जसं कुणी लक्ष देत नाही तसं. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात स्त्रीबीज वेळेआधी सुटू नये म्हणून दिली जाणारी काही इंजेक्शनं नेमकं हेच करतात.

ठोके कधी द्यायचे, हे ठरवण्यात किसपेप्टिन नावाचं द्रव्य सोडणाऱ्या चेतापेशींचा मोठा वाटा असतो. काही कुटुंबांतली मुलं वयातच येत नाहीत, आणि त्यामागे या किसपेप्टिनचा संदेश घेणारा पेशीवरचा ग्राहक (रिसेप्टर) बिघडलेला असतो, हे २००३ मध्ये कळलं. मेंढीत मेलाटोनिनचा ऋतूचा निरोप शेवटी याच पेशींपर्यंत पोचतो. त्या पेशी आपल्यातही आहेत, मेलाटोनिनही आहे. मग आपण म्हशीसारखे हंगामी का नाही?

नाही, हे खरं. माणसाला बाराही महिने दिवस राहू शकतात. तरी जन्मांचं प्रमाण वर्षभर सारखं नसतं, आणि बहुतेक देशांत त्याला ऋतूची लय असते. त्या लयीला उजेड जबाबदार असेल असं वाटणं साहजिक आहे, पण लग्नसराई, सुट्ट्या, शेतीची कामं, स्थलांतर आणि उष्णता हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. शिवाय महाराष्ट्रात दिवसाची लांबी बदलते तरी किती? मुंबईत जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरातला सर्वांत लहान अकराचा. हेलसिंकीत हेच आकडे जवळपास एकोणीस आणि सहाच्या आत आहेत. ऋतूप्रमाणे बदलणाऱ्या उजेडाने प्रजननावर काही परिणाम होत असेलच, तर तो तिकडे शोधावा लागेल. इकडे आपल्याला रोजचा दिवस आणि रोजची रात्र जास्त महत्त्वाची.

त्यासाठी आपल्या डोळ्यांत पाहण्याखेरीज आणखी एक यंत्रणा आहे. दृष्टिपटलात काही मोजक्या चेतापेशी अशा असतात की त्या चित्र पाहत नाहीत, फक्त उजेड किती आहे ते मोजतात. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्याला निळसर उजेड सर्वांत जास्त जाणवतो. या पेशी २००२ मध्ये सापडल्या. काही अंध व्यक्तींना काहीही दिसत नसूनही त्यांची झोप-जाग दिवसाशी जुळलेली असते, ती या पेशी शाबूत असल्यामुळे. या पेशींची तार थेट हायपोथॅलॅमसमधल्या साधारण वीस हजार चेतापेशींच्या पुंजक्याकडे जाते. तेच आपलं जैविक घड्याळ. ते स्वतःच्या मनाने चाललं तर दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा धरतं, म्हणून त्याला रोज सकाळी उजेडाने जुळवून घ्यावं लागतं.

प्रजननाची बरीच कामं याच घड्याळावर चालतात. स्त्रीबीज सुटण्याआधी एलएचची जी मोठी लाट येते, ती बऱ्याच जणींमध्ये मध्यरात्र ते सकाळच्या दरम्यान सुरू होते, आणि त्यानंतर साधारण दीड दिवसाने बीज सुटतं. फॉलिक्युलर स्टडीसाठी, म्हणजे बीज किती वाढलं ते पाहायला, सोनोग्राफीला चकरा मारणाऱ्या बाईचं सगळं लक्ष याच लाटेकडे असतं. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. ताणाचं म्हणून ओळखलं जाणारं कॉर्टिसॉलही पहाटे वर चढतं. बीजांडाभोवतीच्या द्रवात मेलाटोनिनचं प्रमाण रक्तापेक्षाही जास्त आढळतं आणि ते बीजाला ऑक्सिडेशनच्या हानीपासून जपत असावं, असं संशोधक मानतात. त्यावरून मेलाटोनिनच्या गोळ्या मेडिकलमधून आणून स्वतःच्या मनाने घेणं मात्र योग्य नाही. प्रयत्न चालू असताना तर नाहीच.

हे घड्याळ बिघडवायची सोय आपण घरोघरी करून ठेवली आहे. उजेड लक्स या एककात मोजतात; ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत तो दोन-तीनशे लक्स असतो. बाहेर भर उन्हात तो एक लाखाच्या घरात जातो, आणि श्रावणातल्या ढगाळ दुपारीसुद्धा कित्येक हजार लक्स असतो. डोळ्यांना दोन्ही ठिकाणी दिसतं सारखंच, म्हणून हा फरक जाणवत नाही. घड्याळाच्या पेशींना तो जाणवतो. दिवसभर ऑफिसात एसीखाली आणि रात्री बारापर्यंत मोबाइल व एलईडीखाली, अशी दिनचर्या झाली की शरीराला दिवसही धड मिळत नाही आणि रात्रही. त्यातही रात्रपाळीचं काम सर्वांत कठीण. अमेरिकेत परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत आलटून-पालटून रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये मासिक पाळी अनियमित असण्याचं प्रमाण जास्त आढळलं. दिवस राहायला त्यामुळे उशीर होतो का, यावर वेगवेगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. हॉस्पिटलात, कॉल सेंटरात किंवा एमआयडीसीत थर्ड शिफ्ट करणाऱ्या बाईला नोकरी सोडा म्हणून सांगण्याइतका हा पुरावा पक्का नाही. शिफ्ट दर दोन-तीन दिवसांनी बदलू नये, दिवसा झोपताना खोली पूर्ण काळोखी असावी, इतकी सोय मागण्याइतका मात्र तो नक्कीच आहे, आणि ती सोय करणं मालकांचं काम आहे.

म्हणजे सकाळच्या कोवळ्या उन्हाचा खरा फायदा डोळ्यांमार्गे घड्याळाला होतो. सूर्याकडे टक लावून पाहायचं नाही, फक्त उघड्यावर असायचं. चालायला जा, गच्चीत कपडे वाळत घाला, गॅलरीत चहा प्या. झाडाची सावलीही चालते.

आणि इथेच आपल्याकडचा सर्वांत मोठा गोंधळ आहे. कोवळ्या उन्हात डी जीवनसत्त्व मिळतं, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललो आहोत. बाळाला न्हाऊ घालून सकाळी सातला उन्हात धरायचं, ते याच समजुतीने. डी तयार व्हायला अतिनील किरणांमधले यूव्हीबी लागतात. सकाळी सूर्य क्षितिजाजवळ असतो, किरण वातावरणाच्या जाड थरातून तिरपे येतात आणि यूव्हीबी वाटेतच शोषले जातात. तिरुपतीत झालेल्या एका अभ्यासात त्वचेतलं मूळ द्रव्य नळ्यांत भरून दिवसभर वेगवेगळ्या वेळी उन्हात ठेवलं, तेव्हा सर्वाधिक रूपांतर सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान झालं. घरच्या घरी पाहायची खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा डी बनतं. मे महिन्याच्या मध्याला मुंबई-पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा सूर्य नेमका डोक्यावर असतो. ऐन डिसेंबरातही मुंबईत भर दुपारी सावली उंचीपेक्षा जराशी आखूडच असते, म्हणजे आपल्याकडे हे ऊन बारा महिने उपलब्ध आहे. लंडनला स्थायिक झालेल्या मराठी माणसाला ते हिवाळ्यात मिळतच नाही. तिथलं सरकार शरद आणि हिवाळ्यात रोज दहा मायक्रोग्रॅम डी घ्यायला सांगतं, ते यासाठीच. एक लक्षात असू द्या, खिडकीच्या काचेतून यूव्हीबी आत येत नाहीत.

एवढं ऊन असून आपल्याकडे डीची कमतरता सर्रास आढळते. दिल्लीत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उघड्यावर कवायत करणाऱ्या सैनिकांचं डी हॉस्पिटलात काम करणाऱ्या डॉक्टर आणि नर्सेसपेक्षा कितीतरी चांगलं निघालं. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या पाहणीत दिल्लीच्या प्रदूषित मोरी गेट भागातल्या लहान मुलांचं डी स्वच्छ हवेच्या गुडगावातल्या मुलांपेक्षा कमी होतं. धूर आणि धूळही यूव्हीबी अडवतात.

डी नावाला जीवनसत्त्व असलं तरी वागतं हार्मोनसारखं. त्वचेत बनतं, यकृतात आणि मग मूत्रपिंडात घडवलं जातं, आणि त्याचे ग्राहक अंडाशयात, गर्भाशयाच्या अस्तरात आणि वृषणातही असतात. म्हणून डी कमी असलेल्यांना दिवस राहायला त्रास होतो का, याचा खूप शोध घेतला गेला. कमी डी आणि कमी यश बरोबर दिसल्याचे अहवाल बरेच आहेत. पण डी देऊन पाहिलं तेव्हा काय झालं? इटलीत टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार घेणाऱ्या, डी कमी असलेल्या सहाशेहून अधिक स्त्रियांपैकी निम्म्यांना डीचा एकच मोठा डोस, सहा लाख युनिट, दिला आणि उरलेल्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं द्रव्य दिलं. २०२१ मध्ये निकाल आला: गर्भधारणेच्या प्रमाणात फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये वंध्यत्वाचा त्रास असलेल्या पुरुषांना डी देऊन पाहिलं, २०१८ मध्ये त्याचाही निकाल आला, आणि सगळ्यांचा एकत्र विचार करता वीर्याची गुणवत्ता सुधारली नव्हती.

माझं मत सांगायचं तर डी तपासावं आणि कमी असेल तर भरून काढावं, आईच्या हाडांसाठी आणि पोटातल्या बाळासाठी. त्याने दिवस राहतील असं कुणी सांगत असेल तर त्याच्या शब्दावर महिने घालवू नयेत. साठ हजार युनिटची ती आठवड्याची सॅशे डॉक्टरांनी सांगितली तितके आठवडेच घ्यायची असते. चांगली आहे म्हणून वर्षभर घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो.

उन्हाचा विषय निघाला की आपल्याकडे रंगाचा निघतोच. "काळी पडशील" हे मुलीला वयात येण्याआधीपासून ऐकवलं जातं. पुण्यात दुचाकीवरच्या मुली स्कार्फ, हातमोजे आणि गॉगल घालून डोळ्यांपुरत्याही दिसत नाहीत. धुळीपासून आणि मेच्या उन्हापासून तो बचाव योग्यच आहे, पण रंग उतरेल या धाकाने वर्षभर ऊन चुकवणं हा त्या मुलींवर लादलेला जाच आहे, असं मला मनापासून वाटतं. निना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या मानववंशशास्त्रज्ञांनी २००० साली मांडलं की माणसाच्या त्वचेचा सावळा रंग प्रजननाच्या रक्षणासाठी घडला असावा. तीव्र उन्हातल्या अतिनील किरणांनी शरीरातलं फोलेट हे जीवनसत्त्व मोडतं, आणि फोलेटशिवाय गर्भाचा मेंदू व मणका नीट बनत नाहीत. त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य ते ऊन अडवतं. उत्तरेकडे गेलेल्या माणसांना डी पुरेना, तेव्हा त्यांचा रंग उतरला. हे अजून गृहीतक आहे, पण फोलेटचं महत्त्व मात्र प्रयोगाने सिद्ध झालेलं आहे. गर्भाचा मेंदू व मणका ज्या मज्जानलिकेतून बनतात तिचा दोष आधीच्या बाळात असलेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आसपास फॉलिक ॲसिड, म्हणजे फोलेटचंच गोळीतलं रूप, दिलं तर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक घटतं, हे १९९१ मध्ये दिसून आलं. मज्जानलिका गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांत बंद होते, तेव्हा बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं माहीतही नसतं. म्हणून गोळी पाळी चुकल्यावर सुरू करायची नसते, प्रयत्न सुरू करण्याच्या महिनाभर आधीपासून घ्यायची असते. सावळ्या त्वचेला डी बनवायला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. हात-पाय उघडे ठेवून आठवड्यातून तीन-चार वेळा दुपारचं वीस-तीस मिनिटं ऊन, त्वचा लाल व्हायच्या आत सावलीत, एवढं बहुतेकांना पुरावं. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना गालांवर वांग येतात, कारण त्या हार्मोननी रंगपेशी उन्हाला जास्त दाद देतात. तिथे चेहऱ्याला सनस्क्रीन लावावं आणि ऊन हातापायांना घ्यावं.

पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनचा दावा कुठून आला? १९३९ मध्ये अमेरिकेत मायरसन आणि नॉयस्टाट यांनी मोजक्या पुरुषांवर अतिनील दिवे टाकले आणि लघवीतली पुरुषी हार्मोन वाढल्याचं लिहिलं. त्या काळच्या मोजणीच्या पद्धती आजच्या तुलनेत फारच ढोबळ होत्या. २०२१ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या त्वचेवर यूव्हीबी टाकून लैंगिक हार्मोन आणि वर्तन बदलल्याचं दाखवलं, आणि माणसांतही काही हार्मोन वाढल्याची नोंद केली. विषय रंजक आहे आणि त्वचेतूनही मेंदूला निरोप जातो हे त्यातून दिसतं. त्याने शुक्राणू वाढतात किंवा मूल होतं, हे त्यात कुणी दाखवलेलं नाही. नाजूक भाग उन्हात शेकायचे सल्ले तर सरळ घातक आहेत.

कारण ऊन म्हणजे उष्णताही. वृषण शरीराबाहेर लोंबतात ते शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड राहण्यासाठी. भट्टीवर, बेकरीत, वेल्डिंगवर काम करणाऱ्यांच्या, किंवा तासन्‌तास तापलेल्या केबिनमध्ये ट्रक चालवणाऱ्यांच्या शुक्राणूंवर उष्णतेचा परिणाम होऊ शकतो. अमेरिकेच्या १९३१ ते २०१० या काळातल्या जन्मनोंदी तपासल्या तेव्हा फार उष्ण दिवसांनंतर आठ ते दहा महिन्यांनी जन्म घटलेले दिसले. विदर्भातल्या पंचेचाळीस अंशांत राबणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट लांबची नाही. सैल सुती कपडे, दुपारी सावली, गरम पाण्याच्या टबापासून आणि मांडीवरच्या लॅपटॉपपासून लांब राहणं, हे स्वस्त उपाय आहेत आणि ते आधी करावेत.

वर्षभर नियमित प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणी करायची. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. दोघांची एकाच वेळी. कित्येक घरांत सून दोन-तीन वर्षं सोनोग्राफ्या आणि इंजेक्शनं सोसते आणि मुलाचं वीर्य एकदाही तपासलेलं नसतं. ती तपासणी सर्वांत सोपी आणि बिनदुखरी आहे. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी दहाच्या आत द्यावं, दुपारी दिलं तर आकडा उगाच कमी दिसतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे मेमधला ताप किंवा भट्टीवरचा उन्हाळा जुलैच्या रिपोर्टमध्ये उमटू शकतो. असा रिपोर्ट खराब आला तर घाबरून न जाता, उष्णता टाळून तीन महिन्यांनी तो पुन्हा करून घ्यावा.